गवताचा वास, गुलाबाचं नाव

गोवंडीला राहतो असं सांगितलं की ऑफिसातले लोक पहिला प्रश्न वासाचा विचारतात. "डम्पिंग ग्राउंडचा वास येत नाही का रे?" येतो. वारा खाडीकडून असला की जास्त येतो. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर रिक्षा सिग्नलला थांबली की शेजारच्या माणसाचा रुमाल आपोआप नाकाकडे जातो, त्यावरून नवा माणूस कोण ते लगेच कळतं. जुना माणूस रुमाल काढत नाही.

१९२७ साली देवनारला मुंबईचा कचरा टाकायला सुरुवात झाली. मग शहराला जे जे नाकासमोर नको होतं ते एकेक करून याच बाजूला येत गेलं. १९५४-५५ मध्ये माहुल-ट्रॉम्बेकडे तेलाचे दोन मोठे शुद्धीकरण कारखाने आले, १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना. जानेवारी २०१६ मध्ये कचऱ्याच्या डोंगराला आग लागली तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला.

हे सगळं खरंच आहे. पण रविवारी सकाळी साडेसात-आठला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात यायचं असेल तर या. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत एकच वास असतो. गवती चहाचा.

स्टेशनबाहेर भाजीवाल्याकडे त्याच्या जुड्या असतात, कढीपत्ता आणि पुदिन्याच्या मधे कुठेतरी दाबलेल्या. भय्या त्याला 'हरी चाय' म्हणतो, गुजराती काकी 'लीली चा' म्हणतात, कोकणातली माणसं कुणी 'पातीचा चहा' तर कुणी 'ओली चहा'. एकाच गवताची चार नावं आणि चारही नावांत चहा. मला या गोष्टीचं फार दिवस कुतूहल होतं. म्हणजे बघा, आलं चहात घालतात म्हणून आल्याला कुणी 'चहामूळ' म्हणत नाही. वेलचीला तिचं स्वतःचं नाव आहे. मग या बिचाऱ्या गवतालाच दुसऱ्याच्या नावावर का जगावं लागतंय?

एका वीकेंडला हा धागा ओढायला घेतला. तो सुरतेहून पिंपळनेर, तिथून इस्तंबूल आणि बल्गेरिया असा फिरून आला. सांगतो.

चहा आधी की गवत आधी

आपल्याकडे एक समज आहे की चहा इंग्रजांनी आणला, मळे लावले आणि आपल्याला सवय लावली. मळ्यांपुरतं आणि सवयीपुरतं ते बरोबर आहे. १९०३ साली चहावर उपकर बसवून जमा झालेल्या पैशांतून रीतसर प्रचार सुरू झाला. फुकट कप वाटणं, गाड्या फिरवणं, स्टेशनांवर पाट्या लावणं वगैरे. पण चहा हा पदार्थ पश्चिम किनाऱ्याला त्याच्या पुष्कळ आधी माहीत होता. १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेत आला, त्यानं तिथल्या लोकांच्या चहा पिण्याची नोंद केली आहे. १६८९ मध्ये ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेत होता. तो लिहितो की इथे चहाच्या पाण्यात गरम मसाले घालून उकळतात, डोकेदुखी आणि पोटातल्या कळांवर पितात, कुणी खडीसाखर घालतात तर शौकीन लोक मुरवलेलं लिंबू घालतात.

म्हणजे आसामात पहिला मळा लागायच्या दीडशे वर्षं आधी मसाला चहा तयार होता. फक्त तो चिनी होता, महाग होता आणि औषध म्हणून प्यायचा होता.

आता गवताकडे. आपला गवती चहा म्हणजे शास्त्रीय नावानं सिम्बोपोगॉन सिट्रेटस. मूळचा बहुधा आग्नेय आशियातला. थायलंड-मलेशियाच्या बाजूला तो चहात घालत नाहीत, रश्श्यात घालतात. याची एक गंमत म्हणजे तो फुलावर क्वचितच येतो. बी धरत नाही म्हटलं तरी चालेल. ठोंब फोडायचा, मुळासकट दोन-चार काड्या काढायच्या आणि दुसरीकडे खोचायच्या, एवढाच त्याचा वाढण्याचा मार्ग. वाऱ्यानं, पक्ष्यानं किंवा पुरानं तो कुठेही पोचत नाही. म्हणजे तुमच्या गावाला न्हाणीघराच्या सांडपाण्यावर, अळूच्या शेजारी जो ठोंब असेल, तो तिथे कुणीतरी हातात धरून आणलेला असतो. त्या कुणीतरीनं तो दुसऱ्या कुणाकडून आणलेला असतो. अशी साखळी मागे नेत गेलं तर ती समुद्रापार जाते, मधे एकही दुवा सुटत नाही. (आमच्या कंपनीतल्या कोडचा इतिहास इतका सलग नाही.)

औषध म्हणून ताप, सर्दी, पोटफुगी यांवर याचा काढा द्यायची पद्धत आहेच. अंगात घाम आणतो, म्हणून तापात द्यायचा. आणि चहा हाही सुरुवातीला औषधी काढाच होता. दोन्ही पानं उकळायची, दोन्हीचं पाणी गरम प्यायचं, दोन्ही डोकं दुखलं की आठवायचं. तेव्हा घरातल्या गवताला लोकांनी 'गवताचा चहा' म्हटलं यात नवल नाही. हा माझा तर्क आहे, पण नावातच तारीख असते. 'चहा' हा शब्द भाषेत रुळल्याशिवाय 'गवती चहा' हा शब्द जन्मू शकत नाही. गवत आधीचं असेलही, त्याचं हे नाव मात्र चहानंतरचं आहे.

आणि ते चहाला चिकटून राहायला एक पक्कं कारणही आहे. ओव्हिंग्टनच्या चहात लिंबू चालायचं, कारण दुधाचा तो उल्लेखच करत नाही. पुढे चहा स्वस्त झाला, त्यात दूध आलं, आणि दुधात लिंबू पिळलं तर काय होतं ते सांगायला नको. १९३० च्या सुमारास आसामात चहाची पानं चुरून, फाडून, गोळी करायचं सीटीसी यंत्र निघालं आणि पुढे आपला कडक, दाट, दुधाचा चहा घरोघरी गेला. त्यात लिंबाचा वास हवा पण आंबटपणा नको, ही अडचण गवती चहा सोडवतो. त्याच्या तेलात साधारण ६५ ते ८५ टक्के सिट्रल नावाचं एकच द्रव्य असतं. लिंबाच्या सालीच्या तेलात हेच सिट्रल जेमतेम दोन ते पाच टक्के. म्हणजे लिंबाचा वास लिंबापेक्षा या गवतात जास्त आहे, आणि आम्ल नसल्यामुळे दूध फाटत नाही.

(कृती विचाराल तर : पात कात्रीनं कापून, गाठ मारून, थंड पाण्यातच टाका. उकळी आली की झाकण ठेवा, कारण वास वाफेबरोबर उडतो. पावडर नंतर, दूध शेवटी. दूध घातल्यावर पात टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही.)

आजीची बाटली

इथपर्यंत सगळं स्वयंपाकघरात चाललं होतं. मग धुळ्याला आईला फोन केला, सहज सांगितलं की गवती चहावर काहीतरी लिहितोय. आई म्हणाली, "आजीच्या रोशाच्या तेलाचं लिही की. तेही गवतच."

मी विसरूनच गेलो होतो. आजीचं माहेर पिंपळनेरच्या बाजूचं, साक्री तालुक्यातलं. तिच्या कपाटात एक लहान बाटली असायची, गुडघ्यांना चोळायच्या तेलाची. थंडीत ती बाटली उघडली की सगळ्या खोलीला गुलाबाचा वास यायचा, पण थोडा गवतासारखा, थोडा मिरमिरीत. लहानपणी मला वाटायचं आजी गुडघ्यांना अत्तर लावते.

रोशा, किंवा रोहिष, हे गवती चहाचं सख्खं भावंड. त्याच कुळातलं, सिम्बोपोगॉन मार्टिनी. फरक असा की हे आपल्याच डोंगरातलं रानगवत आहे. बी धरतं, आपलं आपण उगवतं. सातपुड्याच्या पायथ्यानं खानदेशापासून निमाड-मेळघाटापर्यंत ते होतं. आणि एकोणिसाव्या शतकात त्याचा चक्क निर्यात-धंदा होता.

१८८० सालच्या खानदेश गॅझेटियरमध्ये या धंद्याचं वर्णन इतकं नेमकं आहे की वाचून भट्टी लावता येईल. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या सुमारास गवत तुऱ्यावर येतं. ते भिल्ल कापायचे आणि मुसलमान तेलकाढे त्यांच्याकडून विकत घ्यायचे. ओढ्याकाठी, जिथे पाणी आणि सरपण दोन्ही जवळ, तिथे खड्डा खणून चूल घालायची. चुलीवर तांब्याचा किंवा लोखंडाचा मोठा हंडा. त्यात पाणी आणि काठोकाठ चिरलेलं गवत. झाकण कणकेनं लिंपून बंद. झाकणातल्या भोकातून बांबूची नळी, तिला कापड गुंडाळून, उडदाच्या पिठानं लिंपून, दोरीनं करकचून बांधलेली. नळीचं दुसरं टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात. वाफ तिथे गार व्हायची. भांडं भरत आलं की ते डुलायला लागायचं, तीच खूण. मग त्यातलं पाणी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचं, वर येणारं तेल हलकेच काढून घ्यायचं.

कणीक, उडदाचं पीठ, बांबू आणि ओढा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कंडेन्सरची आकृती काढून मी सात मार्क मिळवले होते. ही आकृती कुणी दाखवली असती तर विषय आवडला असता.

हे तेल पिंपळनेर-नंदुरबारच्या बाजूनं निघून मुंबईला यायचं. आणि मुंबईहून? तांबड्या समुद्रावरच्या बंदरांत, तिथून अरब व्यापाऱ्यांमार्फत इस्तंबूलला.

तुर्की तेल, जे तुर्की नव्हतं

तेव्हा जगातलं उत्तम गुलाबतेल बल्गेरियात, कझानलकच्या खोऱ्यात निघायचं आणि १८७८ पर्यंत तो मुलूख ऑटोमन साम्राज्यात होता. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन-चार टन पाकळ्या लागतात. एवढ्या महाग वस्तूत भेसळ होणार हे सांगायला ज्योतिषी नको. पण भेसळीला गुलाबासारखा वास देणारं स्वस्त तेल हवं. ते होतं रोशाचं.

इस्तंबूलला हे तेल 'इद्रिस याघी' म्हणून ओळखलं जायचं. ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर घुसळायचे, उन्हात ठेवून रंग उतरवायचे, म्हणजे उग्रपणा जाऊन वास मऊ व्हायचा. गुलाबाच्या पाकळ्या भट्टीत जाण्याआधी त्यांच्यावर हे तेल शिंपडायची युक्तीही होती. मग बाहेर येणारा अर्क अस्सल भट्टीतून आलेला! युरोपातले सुगंधी तेलवाले या तेलाला 'तुर्की जिरेनियम तेल' म्हणायचे. ते तुर्की नव्हतं आणि त्यात जिरेनियमचा एक थेंब नव्हता. साक्री-नंदुरबारच्या ओढ्याकाठचं गवत लंडन-पॅरिसच्या कपाटात तुर्की फुलाच्या नावानं बसलं होतं.

पुढचा भाग माझा सगळ्यात आवडता. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं या भारतीय गवताच्या तेलातून वासाचं मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. तेल 'जिरेनियम'चं म्हणून विकलं जात होतं, म्हणून द्रव्याचं नाव पडलं जिरेनिऑल. आज साबण, शांपू, डिओ, काहीही उचला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात हे नाव सापडण्याची शक्यता दांडगी आहे. जुन्या कोडमध्ये कुणीतरी व्हेरिएबलला चुकीचं नाव देऊन ठेवतं आणि मग हजार ठिकाणी ते वापरलं गेल्यामुळे बदलायची कुणाची हिंमत होत नाही. जिरेनिऑलचं तसं झालं. एका व्यापारी थापेचं नाव रसायनशास्त्रात कायमचं राहिलं.

गवताच्या शास्त्रीय नावाचीही हीच कथा. 'मार्टिनी' हे नाव जनरल क्लॉड मार्टिनवरून. लखनौची ला मार्टिनिएर शाळा ज्याच्या पैशांतून झाली तोच. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९०-९२ च्या लढाईत हा बालाघाट प्रांतात सैन्याबरोबर होता. त्यानं पाहिलं की गुरं एक वासाचं गवत फार आवडीनं खातात, इतकं की दुधा-लोण्यालाही त्याचा वास लागतो. त्यानं बी गोळा केलं आणि रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं गवताला त्याचं नाव दिलं. लोण्याला वास लागतो हे तिथल्या गुराख्याला पिढ्यान् पिढ्या माहीत असणार. पण गुराखी बी पाकिटात घालून पाठवत नाही.

मी हे चिडून लिहीत नाहीये. मार्टिननं नीट निरीक्षण केलं, याकोबसेननं खरं काम केलं. पण हिशेब मांडला तर दिसतं की या वासावर जनरलचं नाव लागलं, तुर्कस्तानचं लागलं, जिरेनियमचं लागलं, अत्तर झाल्यावर गुलाबाचं लागलं. गवत कापणाऱ्या भिल्लाचं आणि उडदाच्या पिठानं नळी लिंपणाऱ्या तेलकाढ्याचं मात्र कुठेच लागलं नाही. वर १८७८ चा वनकायदा आला आणि राखीव रानातलं गवत सरकारी माल ठरलं. ज्याच्या डोंगरात ते उगवायचं, त्याच्या हातात फक्त विळा राहिला.

दोन हायड्रोजन

शेवटी थोडं रसायनशास्त्र, घाबरू नका. जिरेनिऑलमध्ये दहा कार्बन, अठरा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. सिट्रलमध्ये दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. बस्स. आजीच्या गुडघ्याच्या तेलातला गुलाब आणि माझ्या चहातलं लिंबू यांच्यात दोन हायड्रोजनचा फरक. एकातून दुसरं बनतं.

सिट्रलनंही पुढे बराच प्रवास केला. १८९३ मध्ये टीमन या जर्मनानं त्यापासून आयोनोन बनवलं, ज्याला व्हायोलेटच्या फुलांचा वास येतो. व्हायोलेटचं अत्तर त्यामुळे एकदम आवाक्यात आलं. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ऑटो आयस्लर आणि मंडळींनी आयोनोनपासून अ जीवनसत्त्व तयार केलं. अनेक वर्षं या साखळीचं पहिलं टोक केरळातल्या गवती चहाच्या तेलात होतं. तिथे ओडक्कालीला १९५१ पासून या गवतावरचं संशोधन केंद्र आहे. आणि अगदी आपल्या उपनगरातलं म्हणाल तर १९२२ साली सुरू झालेल्या एस. एच. केळकर आणि कंपनीनं मुलुंडला सुगंधी द्रव्यांचा कारखाना उभा केला. म्हणजे वास विकत घेणाऱ्या या शहरानं पुढे वास बनवायलाही घेतला. मुलुंडच्या वाट्याला अत्तर आलं, आमच्या वाट्याला डम्पिंग. चालायचंच.

पण एक गोष्ट मला आता जाणवते. रोशा बाजारात गेला, पैसा झाला, आणि वाटेत त्याचं नाव हरवलं. आज खानदेशातल्या माझ्या वयाच्या दहा पोरांना 'रोशा' विचारा, किती जण ओळखतील शंका आहे. मी स्वतः विसरलो होतो, आजीच्या कपाटासकट. गवती चहाचा आपल्याकडे असा मोठा धंदा झाला नाही. तो न्हाणीच्या पाण्यावर वाढत राहिला, शेजारणीनं शेजारणीला ठोंब दिला, सुनेनं माहेराहून आणला. त्याचं नाव उसनं आहे, चहावरून घेतलेलं, पण ते ठेवलं वापरणाऱ्यांनीच. म्हणून ते टिकलं.

आमच्या खिडकीतला ठोंब शेजारच्या काकींनी दिलेला. त्यांनी तो रत्नागिरीहून एस.टी.नं आणला होता, ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलाय. दोन पावसाळ्यांत डबा फुगायला आला. गेल्या रविवारी तो उपसून तीन भाग केले. एक परत डब्यात, एक तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबाला, आणि एक वॉचमनकाकांनी मागून घेतला. त्यांची खोली लिंक रोडच्या पलीकडे, डम्पिंगच्या भिंतीपासून फार लांब नाही. म्हणाले, "दारातच लावतो. येताजाता हात लागला तरी वास येतो ना?"

येतो. पात चुरगळली की येतो.

असो. तुम्हाला ठोंब हवा असेल तर सांगा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा फोडण्याइतका होईल. बी मात्र मिळणार नाही. न्यायला यावं लागेल, गोवंडीपर्यंत. रुमाल आणला तरी चालेल, ओला करून ठोंब गुंडाळायला लागेलच.